कुणीच सेव्ह न केलेला नंबर

आमच्या वाडीत माणसं मरायची ती ऑपरेटरना विचारून. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. श्वास ज्याचा त्याच्या वेळेला थांबायचा, त्यात ऑपरेटरची ढवळाढवळ नसे. पण ते धुतलेला शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, फोन हातात घेऊन आपल्या अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर उभे राहत नाहीत, तोवर माणूस मेला असं आम्ही धरत नसू. तोवर तो नुसता गप्प झालेला. बायकासुद्धा हुंदके गिळून बसत. ऑपरेटरनी पहिला नंबर फिरवला की मग हंबरडा.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. वाडीत ते कुणी घेत नसे, आणि मोबाइलमध्ये तर एकाच्याही नव्हतं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ते ट्रंक ऑपरेटर होते. मुंबईचा कॉल सकाळी बुक करायचा, दुपारची भाकरी तिथल्याच बाकावर खायची आणि संध्याकाळी ‘हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही’ एवढंच ओरडून घरी यायचं, त्या काळातली ही नोकरी. ऑपरेटरच्या कानाच्या दंतकथा आहेत. लाइनची नुसती खरखर ऐकून त्यांनी म्हणे एकदा सांगितलं, ‘संगमेश्वरच्या पुढं तारेवर माकड बसलंय.’ लाइनमन बघायला गेला, तर बसलेलं! मी त्यांना एकदा सरळच विचारलं, ‘काका, खरंच माकड होतं?’

‘दोन होती,’ ते म्हणाले. ‘एक पिल्लू होतं, त्याचा आवाज येत नव्हता.’

लग्न केलं नाही. का, असं विचारलं की एकच उत्तर, ‘लाइन एंगेज होती.’ समोर कोण होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि वाडीनं सतरा नावं लावून बघितली तरी एकही बसलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपणहून हे काम उचललं. मयताची वर्दी देण्याचं. वाडीत तीस घरं, पण घरातली माणसं मुंबई, पनवेल, पुणं, एक तर पार मस्कतला. इथं कुणी गेलं की प्रत्येकाला कळवायचं, आणि नुसतं गेला म्हणून कळवून भागत नाही. किती वाजेपर्यंत थांबणार तेही सांगावं लागतं. त्या आकड्यावर सगळं असतं. लेक पनवेलहून निघून पोचेल की नाही, बापाचं तोंड त्याला दिसेल की नुसती राख, हे त्या आकड्यात. तो आकडा ऑपरेटर ठरवत आणि वाडी पाळत असे.

बोलणं ठरलेलं. ‘मी वाडीतून बोलतोय. हातातलं काम खाली ठेव.’ मग दोन श्वासांचं अंतर. ‘तुझे बापूस गेले. सकाळी सहाला. चारपर्यंत थांबतोय. निघालास की सांग.’ आणि कट. चाळीस सेकंद, मी घड्याळ लावून मोजलेत. ‘काका, दोन शब्द धीराचे तरी बोला हो,’ म्हटलं तर डाफरायचे, ‘धीर द्यायला तिथं शेजारी आहेत. पुढचे सव्वीस जण लाइनीत उभे आहेत ते कुणाच्या जिवावर?’

फोन झाला की वहीत नोंद. नाव, वेळ, आणि तीन खुणांपैकी एक: बोललो, बंद होता, रिंग गेली. रिंग गेली आणि उचलला नाही, तरी त्यांच्या लेखी वर्दी पोचली. ‘इकडं मला रिंग ऐकू येते म्हणजे तिकडं घंटा वाजते. वाजते तर वाजते. माणूस घरात असून उचलत नसेल, तर तो त्याचा निरोप.’ चाळीस वर्षांच्या नोकरीतून हे एकच शास्त्र त्यांनी बाहेर आणलं होतं, आणि त्यावर आम्ही कुणी कधी शंका घेतली नाही. कशाला घेऊ? खरंच होतं ते. म्हणजे तोवर तरी.

आता नंबराचं. ऑपरेटरचा नंबर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, पण सेव्ह कुणी करत नसे. माझा एक चुलतभाऊ ठाण्याला असतो, त्याच्या फोनमध्ये मटणवाले तीन, भटजी दोन, आणि एका मेलेल्या कुत्र्याचा डॉक्टरसुद्धा आहे, ऑपरेटर नाहीत. एकदा नाव घातलं, की ते कधीतरी स्क्रीनवर उजळणार! दारात आपणच पाट मांडून ठेवल्यासारखं ते. आणि गंमत म्हणजे ऑपरेटरनाही हेच हवं होतं. कुणी केलाच सेव्ह तर ओरडायचे. ‘पुसून टाक आधी. माझं नाव दिसलं की माणूस उचलायच्या आधीच रडायला लागतो, मग त्याला वेळ ऐकू जात नाही. नुसता आकडा दिसू दे. आकड्याला तोंड नसतं.’

मी शाळेत संगणक शिकवतो, म्हणून वाडीत मी फोनांचा वैद्य. कुणाच्या फोनला काहीही होवो, माझ्या ओट्यावर येतो. एका सकाळी ऑपरेटर आले, तेही बनियनवर. बनियनवर त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘मास्तर, माझा बोर्ड कुणी बदलला?’

फोन बघितला. अपडेट आलं होतं. फोन लावायचं ॲप पार बदललेलं. आकड्यांची पाटी उघडल्याबरोबर दिसायची, ती आता कोपऱ्यातल्या एका ठिपक्यामागं लपली होती. हिरवं बटण दाबून फोन उचलायचा, त्याऐवजी बोट आडवं ओढायचं. आधी लावलेले फोन वेळेप्रमाणं खाली खाली दिसायचे, ते आता माणसांप्रमाणं गोळा करून ठेवलेले. ऑपरेटरची बोटं वर्षानुवर्षं न बघता बोर्डात जॅक खुपसणारी, ती आता काचेवर आकडे शोधत होती.

‘काका, तुम्ही कुठंतरी “होय” दाबलं असणार.’

‘मी झोपलो होतो!’

‘मग त्यानं आपलं आपण केलं.’

‘म्हणजे झोपेत माझा अंगठा घेतला?’ ते ओट्यावर बसले. ‘एक्स्चेंजात एक जॅक इकडचा तिकडं करायचा तर आठ दिवस आधी परिपत्रक यायचं रे. सगळ्यांच्या सह्या. रजेवरच्या माणसाच्या घरी शिपाई जायचा. आणि हे कोण मेले, रात्री येऊन माझ्या बोटाखालचं घर हलवतात?’

मी समजावलं की, सगळ्यांचंच झालंय, मुंबईचंही, अमेरिकेचंही. त्याचा त्यांना काही आधार वाटला नाही. त्यांनी कंपनीला चांगलं दोन पानी पत्र लिहिलं. विषय: विनासूचना स्विचबोर्ड बदलल्याबाबत. ते मी टाइप करून ईमेलनं धाडलं. मिनिटभरात उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ऑपरेटरनी ते छापून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ‘खाली सही कुणाची नाही ती?’

त्याच अपडेटनं आणखी एक केलं. ऑपरेटर वर्दीचे फोन रेकॉर्ड करून ठेवत. ‘आम्हाला कुणी सांगितलाच नाय’ असं म्हणून बाराव्याला भांडण काढणारी दोन घरं आमच्याकडं आहेत, त्यांच्यासाठी. आता रेकॉर्डिंग लावलं की आतून एक गोड बाई बोलायची, हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. विरारला एक सून फोन उचलते, ऑपरेटर ‘हातातलं काम’पर्यंत येतात, तेवढ्यात ही बाई मध्ये. सून म्हणाली, ‘मला काय घ्यायचा नाय ओ ताई,’ आणि कट! तीनदा लावला, तीनदा तेच. शेवटी सासऱ्याच्या मरणाची बातमी तिला खालच्या वाण्याच्या फोनवरून द्यावी लागली. वाडी आठ दिवस हसली. ऑपरेटर नाही हसले. रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि वहीच्या नोंदी जास्त बारीक अक्षरात करू लागले.

मग दिगूची आवस, म्हणजे आई, गेली.

दिगू म्हणजे शेवटच्या घरातला. पनवेलला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. चुलत्याशी त्याचं गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून वाजलेलं. चार चिऱ्यांचा गडगा, पण त्यापायी चुलता जिवंत असेतो वाडीत पाय ठेवणार नाही असं तो सगळ्यांसमोर बोलून गेला, नंबर बदलला आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही निघाला. आवस मात्र घर सोडून जायला तयार नव्हती. नवा नंबर दिगूनं दोघांनाच दिला: आवशीला, आणि ऑपरेटरना. जाताना पायरीवर त्यांच्या पाया पडला. ‘काका, तिचं काय झालं तरच फोन करा. एरवी नको. पण झालं तर मला मिळवा.’

‘मिळवीन,’ ऑपरेटर म्हणाले. ट्रंक ऑपरेटरच्या तोंडी हा शब्द म्हणजे शपथच.

बुधवारी सकाळी सात वाजता म्हातारी गेली. मी पायरीजवळच उभा होतो, म्हणून हे ऐकीव नाही. ऑपरेटरनी पहिला फोन दिगूला लावला. रिंग गेली. पुरी गेली. पुन्हा लावला. पुन्हा पुरी. मधल्या मधे त्यांनी लेकींना, भाच्यांना कळवलं, आणि थोड्या थोड्या वेळानं परत दिगू. मेसेजही टाकला, माझ्याकडून लिहून घेऊन. म्हातारीचा स्वतःचा एक बटणांचा फोन होता, त्यावरून लावावं म्हणून तो शोधला. चुलत्याच्या घरचे म्हणाले, असला काही फोन तिच्याकडं आम्ही बघितला नाय.

दुपारी दोनला चुलता आला. ‘काय म्हणतोय?’

‘रिंग जातेय.’

‘म्हणजे उचलत नाय.’

‘रिंग जातेय,’ ऑपरेटर पुन्हा म्हणाले.

‘अवो, मग काय तेच ना! नंबर बघून ओळखला नसेल त्यानं? सगळ्यांना पाठ आहे तुमचा. त्याला यायचा नाय. चिता काय सरकारी गाडी आहे थांबायला?’

ऑपरेटरनी वेळ पाचची दिली होती. ती त्यांनी साडेपाच केली. माझ्या आठवणीत त्यांनी दिलेली वेळ वाढवली ती त्या एकदाच. साडेपाचला त्यांनी शेवटचा फोन लावला, कानाला धरून पुरी रिंग ऐकली, फोन खाली घेतला आणि सगळ्यांकडं न बघता म्हणाले, ‘वर्दी पोचली. उचला.’

आग चुलत्यानं दिली. परतताना वाटेवर जो तो दिगूला शिव्या घालत होता. पोटचा पोर, रिंग ऐकत बसला! मीही घातल्या. माझ्या तर जरा सुबक होत्या, मास्तर म्हणून.

रविवारी सकाळी अकरा वाजता म्हातारीच्या घरात तांदळाचा डबा वाजायला लागला. शेजारची काकी दिवा लावायला गेली होती, ती अशी किंचाळली की आरे-वारेच्या समुद्रावरचे पर्यटक गाड्यांत जाऊन बसले असणार. डब्यात, तांदळाखाली, फडक्यात बांधलेला बटणांचा फोन. चुलत्याच्या पोरांपासून लपवून ठेवलेला. त्या फोनांची बॅटरी पाच दिवस टिकते. मालकिणीपेक्षा जास्त टिकली. दिगू दर रविवारी अकराला फोन करायचा. काकीनं उचलला आणि बोलून गेली, ‘अरे मेल्या, आता कसला फोन करतोस? आवशीला जाळायला आला कसा नाहीस?’

 पलीकडून तो म्हणाला, ‘कुणाच्या आवशीला?’

संध्याकाळी तो पोचला. घरी गेला नाही. सरळ ऑपरेटरच्या पायरीवर आला, कामाचेच कपडे, हाताला काळं ग्रीस. आम्ही धावलो, मारामारी होणार म्हणून. त्यानं फक्त फोन पुढं केला. ‘कुठं आहे तुमचा फोन? दाखवा. मला एक नाही आला.’

ऑपरेटरनी वही आणली. फोन मी हातात घेतला. त्याच्याही फोनला अपडेट आलं होतं. हे आता तुमचं नेहमीचं फोन ॲप करायचं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा दिगू नवव्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळत होता. ग्रीसच्या बोटानं ‘होय’ दाबून मोकळा झाला. त्या ‘होय’मध्ये काय काय होतं ते कोण वाचतं? अनोळखी आणि त्रासदायक नंबर गाळून टाकायचं कामही त्यात होतं. मी आत आत शिरत गेलो, तीन पानं मागं, आणि एका कोपऱ्यात राखाडी अक्षरांत ती यादी सापडली. ऑपरेटरचा नंबर. आमचा मेसेजही तिथंच अडकलेला. नंबराखाली: संशयित स्पॅम. न वाजवता अडवले. चौदा.

‘वाच,’ ऑपरेटर म्हणाले.

मी वेळा वाचत गेलो आणि ते वहीत बोट ठेवत गेले. सात दहा. ‘आहे.’ सात बारा. ‘आहे.’ सात पंचेचाळीस. ‘आहे.’ चौदाच्या चौदा जुळल्या. शेवटची साडेपाचची. तिच्यावर त्यांचं बोट राहिलं.

‘पण मला रिंग ऐकू येत होती,’ ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

मी सांगितलं, ती रिंग आता तुमच्या समाधानापुरती असते काका. तिकडं वाजतेच असं नाही. का अडवलं, तेही सांगितलं. ज्याचा नंबर कुणाच्याच फोनमध्ये नाही, जो घटकेत तीस जणांना फोन करतो आणि प्रत्येकाशी चाळीस सेकंद बोलतो, तो माणूस फोनच्या हिशेबी काहीतरी विकणारा, नाहीतर फसवणारा. आणि खाली एक ओळ होती, तीही वाचली: अनेकांनी या नंबराची तक्रार केली आहे.

‘अनेक म्हणजे कोण?’

इथं मी फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. कारण अनेकांपैकी एक मी होतो. माझे वडील गेले तेव्हा मी ट्रेनिंगला कोल्हापूरला. चाळीस सेकंदांत ऑपरेटरनी माझं घर रिकामं केलं आणि कट केला. स्क्रीनवर लगेच प्रश्न आला, हा कॉल स्पॅम होता का? खाली दोन बटणं. मी ‘होय’ दाबलं. रागानं नव्हे, म्हणजे रागानंच, पण ऑपरेटरवर नव्हे. त्या वेळी कुणी ‘पृथ्वी बंद करायची का?’ विचारलं असतं तरी ‘होय’ दाबलं असतं. पुढं शिमग्याला सगळे जमले तेव्हा मी हळूच एकेकाला चाचपलं. आठ जणांनी दाबलं होतं. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी गेलं त्या दिवशी.

दिगूचा राग कुठं जाईना म्हणून तो नुसता बसून राहिला. ऑपरेटर त्याच्यासमोर खालच्या पायरीवर बसले. एवढा ताठ माणूस, पण त्या दिवशी ते दिगूच्या गुडघ्यापेक्षा खाली होते.

‘दिगू, मी वर्दी पोचली म्हणालो. माझ्या तोंडानं. चुलता काही म्हणो, मी म्हणालो नसतो तर वाडी थांबली असती.’

दिगू हाताचं ग्रीस पँटला पुसत राहिला.

‘नंबर सेव्ह कर माझा.’

‘आता कशाला?’ दिगू म्हणाला. ‘माझं इथं मरायचं कोण राहिलंय?’

ऑपरेटरनी जरा विचार केला, वहीत नाव सापडतंय का बघावं तसा. ‘मी आहे की,’ ते म्हणाले.

दिगूनं फोन घेतला आणि तिथल्या तिथं नाव घातलं. काय घातलं ते मी बघितलं नाही.

मग ऑपरेटरनी मोहीम काढली. वहीतल्या प्रत्येकाला, दिवसाउजेडी, स्वतःच्या खर्चानं. ‘मी वाडीतून बोलतोय. काही झालेलं नाही. सगळे जिवंत आहेत. माझा नंबर तेवढा सेव्ह कर.’ निम्म्यांकडं रिंग नुसती जातच राहिली. ज्यांच्याकडं वाजली त्यांचं आणखी वाईट. डोंबिवलीत एक बाई ‘सगळे जिवंत’ ऐकायच्या आत आडवी झाली. घाटकोपरचा एकजण बोलणं अर्धवट ऐकून रजा टाकून निघाला तो वाटेत चिपळूणला उतरून टक्कल करूनच आला, पुढचा वेळ वाचावा म्हणून. धडधाकट बाप ओट्यावर काजू सोलत होता, त्यानं पोराला बघून काठी घेतली.

‘सेव्ह करतो काका,’ असं सगळे म्हणाले. आणि केला कुणी नाही. दिगूचं सगळ्यांना माहीत होतं. हळहळत होते, डोळे पुसत होते, पण बोट पुढं जात नव्हतं. ‘तसा नाय ओ मास्तर,’ चुलतभाऊ मला म्हणाला, ‘पण मुद्दाम कशाला आत घ्यायचा?’

एक दिवस ऑपरेटर माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले.

‘मास्तर, तू केलास ना?’

‘केला की! पहिल्या दिवशीच.’

त्यांनी आपला फोन काढला, ठिपक्यामागची आकड्यांची पाटी शोधली, सावकाश दहा आकडे दाबले आणि कानाला लावला. माझा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. आमच्यात दोन हात अंतर. मांजर गेलं तरी ऐकू आलं असतं इतकी दुपार होती. खिसा गप्प. वाजलं नाही, हललं नाही, उजळलंसुद्धा नाही.

ते माझ्या खिशाकडं बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

‘इकडं रिंग जातेय, मास्तर,’ ते म्हणाले, आणि कप विहिरीवर नेऊन विसळून उपडा ठेवून गेले. माझ्या घरचा कप त्यांनी त्याआधी कधी विसळला नव्हता.

मी त्याच संध्याकाळी नंबर सेव्ह केला. स्पॅममधून काढला, नाव घातलं, मोठा आवाज लावला. त्यानंतर त्या नंबरावरून मला एकही फोन आला नाही.

पुढच्या मयतांची वर्दी ग्रुपवर जाऊ लागली. फोटो, त्याभोवती फुलांची चौकट, खाली पन्नास जोडलेले हात. कितीपर्यंत थांबणार ते कधी असायचं, कधी नसायचं. दोघीजणी तर बापाची राख गार झाल्यावर पोचल्या. ऑपरेटर ग्रुपमध्ये नव्हते. पण कुणी गेलं की शर्ट घालून पायरीवर उभे राहायचे आणि सगळी यादी लावायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वहीत आता एकच खूण असायची. रिंग गेली, रिंग गेली, रिंग गेली. त्यापुढं ‘पोचली’ हा शब्द त्यांनी पुन्हा कधी लिहिला नाही. पोरं हसायची. मी हसलो नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो; दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

यंदा काजूच्या दिवसांत, दुपारी, आरामखुर्चीत गेले. झोपले आहेत समजून काकी दोनदा हाक मारून गेली होती. त्यांना सख्खं कुणी नाही. काय करायचं म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. ग्रुपवर टाका, एकजण म्हणाला. कुणीतरी टाकलंही; हात जोडले जाऊ लागले. मी त्यांचा फोन उचलला. त्याला कुलूप नव्हतंच. वही उघडली आणि पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांच्या नंबरावरूनच करायचं असं का ठरवलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

ठाण्याच्या चुलतभावाला लावला. रिंग गेली. डोंबिवलीला लावला, पुरी रिंग गेली. विरार. घाटकोपर. पुणं. भर दुपारी एकवीस माणसांना मी तो नंबर लावला, आणि एकवीस वेळा माझ्या कानात ती रिंग स्वच्छ, खणखणीत, शेवटपर्यंत वाजली. मागं वाडी उभी होती. चुलता म्हणाला, ‘मास्तर, पुरे आता. कोण उचलायचा नाय.’

मी बाविसावा लावला. रिंग पुरी व्हायच्या आत कुणीतरी उचलला. तिकडं लिफ्टचा लोखंडी दरवाजा घरघरत बंद झाल्याचा आवाज आला.

‘बोला काका,’ दिगू म्हणाला. ‘कोण गेलं?’